बाहीच्या आतला ड्रॅगन

वास्कोच्या बाजारात पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक आपल्याला नवे नाहीत. दाबोळीला 'आयएनएस हंसा' हा नौदलाचा तळ आहे. हे सगळे एकसारखे दिसतात खरे. पण खलाशांनी हे एकसारखेपण नेहमीच निमूटपणे स्वीकारले असे नाही. अमेरिकन नौदलाचा इतिहास याला साक्ष आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन खलाशाला मिळणारा सरकारी निळा गणवेश जाड लोकरी कापडाचा आणि ढगळ असे. म्हणून पुष्कळ खलाशी पदरमोड करून बंदरातल्या शिंप्याकडून दुसरा शिवून घेत. कापड हलके, गॅबर्डिनचे. सदरा इतका अंगाबरोबर की घालता यावा म्हणून बाजूला चेन लावावी लागे. विजारीचा घोळ चांगला रुंद. आणि कफाच्या आतल्या बाजूला रंगीत ड्रॅगनचे भरतकाम! ही हौस चीनच्या बंदरांत राहिलेल्या जहाजांवरून पसरली. जहाजावर असताना कफ खाली, किनाऱ्यावर पाऊल पडले की बाही उलटी. किनाऱ्यावर जायच्या सुटीला ते 'लिबर्टी' म्हणत, म्हणून हे 'लिबर्टी कफ'.

हे सारे नियमाबाहेरचे. जहाज सोडण्यापूर्वी तपासणी होई. कमांडर कडक असला तर खलाशी तिथूनच परत, सुटी बुडाली. दुसऱ्या जहाजावर तोच कपडा नजरेआड केला जाई. सरकारी कचेरीत दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. परिपत्रक एकच, पण साहेब बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

मात्र याला निव्वळ नखरा म्हणणे अन्यायाचे होईल. महिनोन् महिने समुद्रात काढणाऱ्या त्या पोराकडे स्वतःचे असे काय होते? झोपायची अरुंद जागा, सामानाची पिशवी, बस्स. चार बोटे भरतकामाने तो सांगत होता की मी नुसता नंबर नव्हे, माणूस आहे.

पुढची गंमत पाहा. 1970 ते 1974 या काळात नौदलप्रमुख असलेल्या ॲडमिरल झुमवाल्ट यांनी अनेक जाचक नियम सैल केले. खलाशांना मान मिळावा म्हणून 1973 मध्ये त्यांना अधिकाऱ्यांसारखा कोट-टायही दिला. पण तो खलाशांच्या पचनी पडला नाही. ज्या गणवेशाची काटछाट करून ते शिक्षा ओढवून घेत, तोच त्यांना हवा होता! त्या दशकाच्या अखेरीस जुना गणवेश परतू लागला.

आणि 2016 साली नौदलाने सुटीवर असताना लिबर्टी कफ दाखवायला रीतसर परवानगी दिली. ज्या ड्रॅगनपायी आजोबांची सुटी बुडाली, तो नातवाच्या बाहीवर नियमाने बसला. नियम करणाऱ्यांनी आणि राबवणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीसुद्धा, हे ध्यानात ठेवावे.