वादसभा पुन्हा उभी राहते तेव्हा : हिंदू कॉलेजची कथा

शाळेतली बंद पडलेली वादसभा पुन्हा सुरू करायची असली की शिक्षक मंडळी आधी विषयांची यादी मागतात. मी म्हणतो, यादीचं नंतर बघू. आधी सांगा, ती बंद का पडली? आणि ती ज्या खोलीत भरते, ती खोली कोणाची? हे दोन प्रश्न मला कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजनं शिकवले, म्हणून आज तिकडेच जाऊ.

नाव कॉलेजचं, पण तिथं शिकायला येत ती बरीचशी शाळकरी वयाची पोरं. त्यांचा शिक्षक हेन्री डेरोझिओ, तोही जेमतेम एकोणीस वर्षांचा. 1828 च्या सुमारास त्यानं या मुलांना घेऊन ‘अकॅडमिक असोसिएशन’ नावाची सभा काढली. पुढं माणिकतल्याच्या एका बागेतल्या घरात ती भरू लागली. दैव, मूर्तिपूजा, देशप्रेम, ईश्वराचं अस्तित्व, सगळ्यावर दोन्ही बाजूंनी बोलायचं. आता बघा, घरोघरी काय झालं असेल! पालक बिथरले, चालकांनी ठराव केला, आणि एप्रिल 1831 मध्ये डेरोझिओला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात कॉलऱ्यानं तो गेला. वय बावीस.

डेव्हिड हेअर यांनी अध्यक्षपद घेऊन सभा काही काळ चालवली खरी, पण ती हळूहळू विझली. एका माणसाच्या तेजावर उभ्या राहिलेल्या सभांचं बहुधा असंच होतं.

1838 मध्ये त्याच मुलांनी, जी आता नोकरी-व्यापाराला लागली होती, नवी सभा काढली : सामान्य ज्ञान मिळवण्यासाठीची सभा. नाव बघा किती निरुपद्रवी! अध्यक्ष ताराचंद चक्रवर्ती. रीत बदलली होती. नुसता वाद न घालता निबंध लिहून आणायचा, वाचायचा आणि मग त्यावर चर्चा. माझ्या मते पुनरुज्जीवनाची ही खरी युक्ती. लिहून आणायचं म्हटलं की माहिती गोळा करावी लागते, नुसता आवाज चढवून भागत नाही.

आणि 1843 चा फेब्रुवारी उजाडला. दक्षिणारंजन मुखर्जी कंपनी सरकारची फौजदारी न्यायालयं आणि पोलीस यांच्यावर निबंध वाचत होते. जागा कॉलेजचीच. कॉलेजचे कॅप्टन रिचर्डसन पाहुणे म्हणून बसले होते. इंग्रजी साहित्याचे फार नावाजलेले शिक्षक बरं का. ते मध्येच उठले आणि म्हणाले, या वास्तूचा राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही.

ताराचंद काय करतात? ते चिडत नाहीत आणि माघारही घेत नाहीत. ते सांगतात की आपण इथं पाहुणे आहात, सभासदाला अडवण्याचा आपल्याला अधिकार नाही, शब्द मागे घ्या. नाहीतर आम्ही कॉलेजच्या समितीकडे आणि गरज पडली तर सरकारकडे दाद मागू. हल्ली शाळांतून नमुना संयुक्त राष्ट्रसभा भरतात. मुलं देशांच्या पाट्या लावून बसतात, ठरावांचे मसुदे करतात. चांगलंच आहे ते. आपल्याला न पटणारी बाजू मांडायची सवय लागते. पण शिष्टाई म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर मी आधी ताराचंदांचा हा प्रसंग सांगेन. समोर सत्ता आहे, खोली तिची आहे, आणि तरी नियम बोट ठेवून दाखवायचा.

सभेनं पुढं जागा बदलली. त्याच वर्षी एप्रिलात यातल्याच काही मंडळींच्या पुढाकारानं ‘बेंगॉल ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. ती तर उघडच राजकीय संस्था.

आपल्या मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा निघाली, मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक मंडळ्या तिच्याच शाखा. इथं धर्म आणि राजकारण हे विषय नियमानंच वर्ज्य. मग उरलं काय, असं तुम्ही म्हणाल. उरलं स्त्रीशिक्षण! त्यावर निबंध वाचला गेला, चर्चा झाली, आणि 1849 मध्ये त्याच विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. पगारी शिक्षक कुठले आणायचे? सभेत बोलणारेच आपल्या कामाच्या वेळेआधी, सकाळी, मुलींना अक्षरं शिकवायला बसत. त्यांत दादाभाई नौरोजीही होते.