चित्ता, चित्तेवान आणि वेताळाची गुहा

मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि ली फॉकचा फँटम ‘वेताळ’ या नावाने मराठी घरांत शिरला. १९९० पर्यंत ही मालिका चालली. ती वाचत मोठ्या झालेल्या माणसाला खलनायकांची नावं क्वचितच आठवतात, पण कवटीच्या गुहेबाहेर उभा असलेला पांढराशुभ्र घोडा आणि वेताळाच्या पायाशी बसलेला लांडगा लख्ख आठवतात. या लांडग्याला कुणी कुत्रा म्हटलं, की ‘हा कुत्रा नाही, लांडगा आहे’ अशी दुरुस्ती ठरलेलीच असायची. शिवाय वेताळाकडे ससाणा होता, डॉल्फिनची जोडी होती, आणि एका बेटावर मासे खाऊन हरणांच्या शेजारी नांदणारे वाघ-सिंहही होते. तिकडे अमेरिकेत १९५५ साली सुपरमॅनला उडणारा, पाठीवर झूल मिरवणारा क्रिप्टो कुत्रा मिळाला. मराठी मुलांना असा सोबती नवा नव्हता. सिंहगडाचा कडा चढणारी तानाजीची घोरपड पोवाड्यातून त्यांच्यापर्यंत कधीच पोचली होती. इतिहासाचे अभ्यासक ती मानत नसले, तरी शाळेतल्या चित्रांतून तिला आजवर कुणी हलवू शकलेलं नाही.

या सगळ्या चित्रकथांत एक माणूस मात्र सापडत नाही. घोड्याला खरारा कोण करतं, ससाण्याला हातावर बसायला कुणी शिकवलं, लांडग्याच्या खाण्याचं कोण बघतं, हे कुठल्याच चौकटीत दिसत नाही. कोल्हापूरच्या इतिहासात हा माणूस ठळक दिसतो. त्याला चित्तेवान म्हणत.

शाहू महाराज आणि त्यांच्यानंतर १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेले राजाराम महाराज, दोघांच्याही राजवटीत कोल्हापूर दरबारी चित्त्यांकरवी काळविटाची शिकार होत असे. अकबराच्याही आधीपासून चालत आलेला हा शौक विसाव्या शतकात मोजक्या संस्थानांत उरला होता, आणि त्यांत कोल्हापूर व भावनगर ही दोन नावं आघाडीवर होती. तोवर हिंदुस्थानातला चित्ता जवळजवळ संपला होता. म्हणून या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. बोटीने समुद्र ओलांडून आलेलं हे जनावर कोल्हापूरच्या माळावर धावायचं.

चित्ता माणसाळतो, पण बंदिवासात त्याची वीण होणं फार अवघड असतं. मोगलांनी इतके चित्ते पदरी बाळगले, तरी पिल्लं झाल्याची नोंद जहांगीराच्या काळात एकदाच सापडते. त्यातून लहानपणी पकडलेलं पिल्लू कामाचं नसे, कारण शिकार त्याला आईच शिकवते. म्हणजे रानात तयार झालेला मोठा चित्ता धरायचा आणि त्याला माणसांची सवय लावायची. ही सवय लावण्याची जुनी रीत फार चिकाटीची होती. त्याला खाटेला बांधायचं, चोवीस तास माणसाने जवळ राहायचं, बाजाराच्या गर्दीतून फिरवायचं, बायकापोरांचा गलबला त्याच्या कानांवर पडू द्यायचा. अनेक चित्तेवान आपल्या चित्त्याशेजारीच झोपत.

शिकारीच्या दिवशी चित्ता गाडीत बसून निघे, डोळ्यांवर चामड्याची टोपी. बैलगाडीला हरणं बुजत नसत, त्यामुळे कळपाच्या बरंच जवळ जाता येई. चित्तेवान टोपी काढे, चित्त्याला काळवीट दिसे, आणि पुढचा खेळ काही सेकंदांत संपे. तीन-चारशे मीटरांत नर हाती लागला नाही, तर चित्ता दमून थांबे. सापडला, तर तो गळा धरून बसे, आणि खरं कसब तिथून पुढे. चित्तेवान धावत पोचायचा, काळविटाचा गळा चिरायचा, लाकडी पळीत गरम रक्त धरायचा आणि ती पळी चित्त्याच्या तोंडाशी न्यायचा. रक्ताच्या ओढीने चित्ता पकड सोडायचा, तेवढ्यात टोपी पुन्हा डोळ्यांवर चढायची. एक हात पळीला, एक हात टोपीला. भुकेल्या जनावराच्या तोंडातून घास काढून घ्यायचा आणि त्याचा विश्वासही टिकवायचा, असं हे काम होतं. छायाचित्रांत महाराज आणि पाहुणे मध्यभागी असतात. चित्तेवान कडेला, साखळी धरून.

कोल्हापुराने चित्ता पडद्यावरही आणला. १ जून १९२९ रोजी याच शहरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ काढला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, मास्टर विनायक गोरखनाथ आणि दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी. या राणीच्या सोबतीला पाळीव चित्ता होता. पुरुषांना राज्यात पाऊल टाकू न देणारी बाई आणि तिच्याबरोबर हे जनावर, ही कल्पना कुठल्याही कॉमिक्सला शोभेल अशीच आहे. फँटम वर्तमानपत्रात अवतरला १९३६ साली, म्हणजे या चित्रपटानंतर चार वर्षांनी. प्रभात तोवर पुण्याला गेली होती.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबारी शिकारीचे दिवस सरले. १९५२ साली भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, पण ते रानात राहण्यासाठी. खाटेशेजारी झोपणाऱ्या माणसाची त्यांना गरज नाही, आणि ते चांगलंच आहे.

पण आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या गावातल्या एखाद्या तरुण चित्रकाराने कोल्हापूरच्या चित्त्याची चित्रकथा काढायची म्हटलं, तर सगळी सामग्री तयार आहे. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा हव्यात, नाहीतर चित्त्याचा बिबट्या होईल. छकडा हवा, चामड्याची टोपी हवी, माळावरचा काळवीट हवा. आणि महाराजांपेक्षा मोठ्या चौकटीत, धापा टाकत पोचलेला, हातात पळी घेतलेला चित्तेवान हवा.