टेसन, इस्टेशन, स्टेशनु

परवा नात फोनवर म्हणाली, "आजी, तू 'ब्यांक' काय म्हणतेस? 'बँक' म्हण ना!" हसू आले. आणि मग चाळीस वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी आठवला.

१८६० साली सोलापुरात आगगाडी आली, १८७४ साली कापडगिरणीची कंपनी निघाली. माग आणि गिरण्यांपायी तेलंगणातले पद्मशाली विणकर इथे स्थिरावले. अक्कलकोटकडची कानडी मंडळी तर शेजारचीच. इंग्रजी शब्द एकच, पण तो चार घरी उतरला. खेड्यातला मराठी माणूस सुरुवातीचा 'स' गाळून 'टेसन' म्हणे. दखनी बोलणारा आधी 'इ' लावून 'इस्टेशन' म्हणे. तेलुगू आणि कानडी घरांत शब्द स्वरावर संपवायची सवय, म्हणून 'स्टेशनु', 'बस्सु'. माझी 'ब्यांक' जुन्या मराठी छपाईतही सापडते. कानडी आणि तेलुगू लिपीत आजही तसेच लिहितात.

हे सगळे मला तेव्हा कुठे सुचले होते! पूर्व भागातल्या एका विणकराचा मुलगा इंग्रजीचा धडा वाचताना 'बस्सु' म्हणाला. मी त्याला तीनदा 'बस' म्हणायला लावले. तिन्ही वेळा 'बस्सु'च आले. वर्ग हसला. खरे सांगते, मीही हसले. त्यानंतर वर्षभर तो मोठ्याने वाचायला उभा राहिला नाही.

तो चुकत नव्हता, त्याच्या आईच्या भाषेचा नियम पाळत होता. स्पॅनिश लोक शाळेला 'एस्कुएला' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाच्या सुरुवातीला स्वर नव्हता, तो त्यांनी लावला. आपल्या 'इस्कूल'सारखेच की! पण त्यांची भाषा पुस्तकात गेली आणि आपले 'इस्कूल' चेष्टेत.

आणि इंग्रजांनी तरी काय केले? सोलापूरचे 'शोलापूर' केले, पुण्याचे 'पूना'. तेच कागदोपत्री चढले. त्यांना कोणी वर्गात उभे करून तीनदा म्हणायला लावले नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कधी भेटलाच तर म्हणेन, बाबा रे, तेवढा धडा पुन्हा वाचून दाखव. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

असो. नातीला सांगितले आहे, माझी 'ब्यांक' तशीच राहू दे.