मामला गावचे उंदीर आणि सुरतेची बातमी

हल्ली एखादा आजार आला की आरोग्य सेविका दारात यायच्या आधी मोबाईलवर बातमी येऊन धडकते. ताई काही सांगू लागल्या की आपण म्हणतो, "टीव्हीवर तर वेगळंच सांगत होते." मग ऐकायचं कुणाचं? हा प्रश्न आजचा नाही. म्हणून आज आम्ही १९९४ सालच्या प्लेगची हकीकत सांगणार आहोत. पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना ती आठवत असेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातले लोकही हादरले. मामला गावातली माणसं भीतीनं घरं सोडून बाहेर निवारे करून राहू लागली. घरात धान्य तसंच राहिलं आणि उंदरांचं फावलं. पुढच्या पावसाळ्यात उंदीर मरून पडू लागले, पिसवा झाल्या. ऑगस्ट संपता संपता माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. हा गाठीचा प्लेग. १९६६ नंतर देशात प्लेगची नोंद नव्हती, त्यामुळे बहुतेक डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला. तरी आरोग्य खात्याची माणसं गावात गेली, पिसवा मारायची पावडर टाकली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. वेळेत औषध मिळालं तर प्लेग बरा होतो. इथली साथ फारशी माणसं न दगावता आवरली. या कामाची बातमी मात्र कुठल्या तरी कोपऱ्यात आली.

मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत माणसं मरू लागली. तापीला पूर येऊन गेला होता, गणपती नुकते उठले होते, झोपडपट्ट्यांत चिखल आणि कचरा साचला होता. हा फुप्फुसाचा प्लेग, खोकल्यातून पसरणारा. एका-दोन दिवसांत अफवा उठली की शेकडो मेले. काही वर्तमानपत्रांनी तसंच छापलं. छापलेलं वाचून लोक स्टेशनाकडे पळाले. गर्दीचे फोटो छापून आले आणि ते पाहून आणखी लोक पळाले. काही लाख माणसांनी शहर सोडलं. सुरतेच्या मागावर कामाला गेलेले आपले खानदेशातले कितीतरी मजूर मुलाबाळांसह गावी परतले. दिल्ली-मुंबईच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनी गोळ्या घरात भरून ठेवल्या. परदेशी वाहिन्या तेव्हा नव्यानंच घराघरांत आल्या होत्या, त्यांनी ही बातमी जगभर नेली. आखाती देशांनी विमानं थांबवली.

प्रत्यक्षात देशभरात या साथीत दगावलेल्यांचा आकडा पंचावन्नच्या आसपास होता. एकेक जीव मोलाचाच. पण शेकडो आणि पंचावन्न यांतल्या फरकानं लाखो संसार रस्त्यावर आले.

डॉक्टरांवरचा विश्वास कसा उडाला, तेही बघा. सुरतेतले बरेच खासगी डॉक्टर दवाखान्यांना कुलपं लावून निघून गेले. डॉक्टरच पळतोय म्हटल्यावर थांबणार कोण? दुसरीकडे तज्ज्ञांत वाद लागला. कुणी म्हणे प्लेग, कुणी म्हणे दुसराच ताप. तपासणीला दिवस लागतात आणि वर्तमानपत्र तर रोज निघतं. लोकांना रोज नवं मत वाचायला मिळालं आणि त्यांनी अर्थ काढला, यांना काही कळत नाही. पुढे डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीनं नीट तपास करून हा प्लेगच होता असं सांगितलं. तोवर लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

त्याच सुरतेत सरकारी सिव्हिल हॉस्पिटलातले डॉक्टर आणि परिचारिका मात्र थांबून रुग्ण सांभाळत होते. कुलपं लावणाऱ्यांची जेवढी चर्चा झाली तेवढी त्यांची झाली नाही.

बातमीनं नुकसानच केलं, असं आम्ही म्हणणार नाही. जगभर नाचक्की झाली म्हणूनच सुरतेच्या घाणीकडे लक्ष गेलं. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा उचलायची शिस्त लावली आणि दोन-तीन वर्षांत सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं.

आता त्याहून जुनी आठवण. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. गोरे शिपाई घरात घुसून झडती घेत, म्हणून लोक आजारी माणूस लपवून ठेवत. सरकारी डॉक्टरवर भरवसा नव्हता. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळ दवाखाना चालवत होते. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तिथे लोक येत होते, कारण तिथली माणसं त्यांना हात लावत होती, आपली मानत होती.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पुढच्या वेळी घाबरवणारी बातमी आली की ती पुढे पाठवायच्या आधी गटात तीन गोष्टी विचारू या. हा आकडा कुणी मोजला? सांगणारा स्वतः तिथे गेला होता का? आणि आपल्या आशाताई, आपल्या केंद्रातले डॉक्टर काय म्हणतात? त्यांनी काल एक सांगितलं आणि आज दुसरं, तर लगेच खोटं ठरवू नका. का बदललं, ते विचारा. कारण नीट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा, आणि कारण न सांगणाऱ्याला पुन्हा विचारा. तो आपला हक्क आहे.