सभागृहातले असत्य आणि न्यायमूर्ती छागला

घाटकोपरच्या एका वर्गात वक्तृत्वकलेवर बोलत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मंत्री सभागृहात खोटे बोलला तर तो गुन्हा ठरतो का?" मी 'नाही' म्हणालो, आणि वर्ग हसला. ते हसू पुष्कळ दिवस मनात राहिले.

उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ अन्वये सभागृहातील भाषणाबद्दल सदस्याला न्यायालयात खेचता येत नाही. हेतुतः दिशाभूल केली तर हक्कभंग होतो. पण त्याचा निवाडा सभागृह करते, म्हणजे बहुधा बहुमत करते. गंमत अशी की, उमेदवाराने निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मतदारांशी खोटे बोलणे गुन्हा, त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणे मात्र नव्हे.

याची खरी कसोटी आपल्या मुंबईतच लागली होती. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेही नव्हते. लोकसभेत प्रश्न आले; अर्थखात्याची उत्तरे मोघम होती. १६ डिसेंबरला फिरोझ गांधी उभे राहिले आणि स्वतःच्याच पक्षाच्या सरकारची त्यांनी कोंडी केली. चौकशी आली ती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे.

छागलांनी ती खुली ठेवली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत होते, व्यवहाराला आपली संमती नव्हती, अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणत होते, होती. सभागृहात जे संरक्षण मिळते ते येथे नव्हते. येथे उलटतपासणी होती, कागद होते आणि ऐकायला लोक होते. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. आणि संसदेला आरंभीच विश्वासात घेऊन सारी वस्तुस्थिती तिच्यासमोर ठेवली पाहिजे, असेही छागलांनी बजावले. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

याच कृष्णम्माचारींनी १९५१ मध्ये मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्षपद भूषवले होते. सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिची कामे संसदेत केल्याचा तो आरोप. नाटककाराने हा योगायोग रचला असता, तर समीक्षकांनी त्याला नावे ठेवली असती.

तेव्हा कायदा बदलावा काय? मला धास्ती वाटते. प्रत्येक चुकीच्या आकड्यावर फौजदारी खटला उभा राहिला, तर पहिला बळी विरोधी बाकांवरचा अडचणीत आणणारा सदस्य असेल. पण विपर्यासाचा निवाडा बहुमतावर सोपवणे हेही चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे आहे. छागलांच्या चौकशीसारखी सभागृहाबाहेरची, खुली, मुदतबंद चौकशी हा मधला मार्ग होता. आपण तो नियम म्हणून कधी रुजवला नाही.

इंग्लंडमध्ये मार्च १९६३ मध्ये जॉन प्रोफ्युमो हाउस ऑफ कॉमन्समध्ये खोटे बोलले. त्या खोट्याबद्दल खटला त्यांच्यावरही झाला नाही; जूनमध्ये राजीनामा दिला आणि पुढचे आयुष्य लंडनच्या पूर्व भागातील एका सेवासंस्थेत घालवले. त्याच वर्षी कृष्णम्माचारी पुन्हा भारताचे अर्थमंत्री झाले.