गवाक्षाचे कुळ

भिंतीतून वारा व उजेड घरात घेण्यासाठी जी सोय ठेवावी लागते, तिला संस्कृताने दिलेल्या नावांपैकी ‘वातायन’, म्हणजे वाऱ्याची वाट, हे एखाद्या कारकुनाने दप्तरात नोंदवावे इतके सरळ आहे. परंतु ‘गवाक्ष’, म्हणजे गाईचा डोळा, हे नाव ज्याने ठेवले त्याची दृष्टी वाटोळ्या झरोक्यापासून गोठ्यापर्यंत पोहोचलेली असली पाहिजे. वैयाकरणांनीही या शब्दाचा निवाडा मोठ्या काटेकोरपणे केला. समासाच्या अंती येणारा ‘अक्षि’ शब्द पाहण्याच्या इंद्रियाचा वाचक नसेल तर त्याचे ‘अक्ष’ होते, असा पाणिनीचा नियम. आणि ‘गो’चे ‘गव’ करण्याची जी मुभा त्याने स्फोटायन या आचार्याच्या नावे नमूद केली, ती खिडकीपुरती उत्तरकालीन टीकाकारांनी सक्तीची ठरविली. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अज आणि इंदुमती विदर्भाच्या राजनगरीतून जात असता, साजशृंगार अर्धवट टाकून धावलेल्या पौरस्त्रियांच्या मुखांनी जी भरून जातात, ती हीच गवाक्षे.

दगडातील पुरावा याहून जुना आहे. बिहारमधील बराबर टेकड्यांत, लोमश ऋषी गुंफेच्या द्वारावर, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात कोरलेली कमान ही वाकविलेल्या वाशांवर शाकारलेल्या छपराच्या टोकाची हुबेहूब नक्कल होय. आणि छपराचे टोक उघडे ठेवण्यात शहाणपण असे, की तापलेली हवा वर चढून तेथूनच निघून जाई. कार्ल्याच्या सुमारे 124 फूट लांबीच्या चैत्यगृहात ही योजना परिणत झालेली दिसते: दर्शनी भागातील एकाच विशाल नालाकृती गवाक्षातून आलेला प्रकाश थेट स्तूपापर्यंत पोहोचतो, आणि वर लाकडी फासळ्या, ज्यांची पाषाणाच्या छताला काडीचीही गरज नव्हती, अद्याप शाबूत आहेत.

पुढे मंदिरांच्या शिखरांवर हाच आकार आकसत, जाळीसारखा गुंफला जाऊन निव्वळ नक्षी झाला. तमिळ देशात त्याला ‘कूडु’ म्हणतात. वाऱ्यासाठी जन्मलेल्या या अवयवाला वारा पारखा झाला, हे मला त्याच्या वैभवापेक्षा अधिक लक्षणीय वाटते. आमच्या वाड्यांतील हवेचा कारभार खिडकी, झरोका आणि धुराडे यांनीच सांभाळला. गवाक्ष तेवढे कवींकडे व शिल्पशास्त्र्यांकडे राहिले.