स्टेंटच्या दोन किमती आणि चाळीस वर्षांचा निकाल

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. तोवर औषधलेपित स्टेंटसाठी लाखाच्या घरात रक्कम मोजावी लागे, मग ते पुणे असो वा दिल्ली. आदल्याच वर्षी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेतील डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींच्या आधारे ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या पुस्तकात खासगी वैद्यकातील कमिशनची आणि अनावश्यक उपचारांची साखळी मांडली होती.

पण आदेशातील दोन किमतींत चौपट अंतर कशासाठी?

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुगा फुगवून हृदयाची अरुंद रक्तवाहिनी प्रथम रुंद केली. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ती काही महिन्यांतच पुन्हा आकसे. १९८६ मध्ये तुलूझला जाक पुएल यांनी आणि पाठोपाठ लोझानला उलरिच सिगवार्ट यांनी तिथे धातूची जाळी बसवली. आकसणे घटले, पण थांबले नाही. जाळीच्या आत पेशींची नवी वाढ होऊन वाट पुन्हा अडे.

ही वाढ रोखणारे औषध आले ईस्टर बेटावरील मातीतल्या एका जिवाणूपासून. सिरोलिमस हे त्याचे नाव, आणि ते जगासमोर आणण्यात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांचा वाटा मोठा. २००२ मध्ये सिरोलिमसलेपित स्टेंटच्या २३८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती, औषधलेपित गटात एकाचीही नाही. हृदयरोगतज्ज्ञांचा उत्साह समजण्याजोगा होता. पण सहा महिने म्हणजे किती थोडा काळ!

२००६ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत दुसरी बाजू पुढे आली. जे औषध पेशींची वाढ रोखते, तेच जाळीवर नैसर्गिक अस्तर चढण्यासही विलंब लावते. उघड्या धातूवर वर्ष-दोन वर्षांनीही रक्ताची गुठळी जमू शकते, आणि ती जीवघेणी ठरते. त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दीर्घकाळ घेण्यावर भर आला. पुढच्या पिढीच्या स्टेंटची जाळी अधिक बारीक झाली, लेपही बदलले.

खरा हिशेब २०१६ मध्ये नॉर्वेतून आला. ९,०१३ रुग्ण, सहा वर्षांचा अंदाज. मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका नव्या औषधलेपित गटात १६.६ टक्के, साध्या गटात १७.१; म्हणजे जवळपास सारखेच. पुन्हा वाहिनी उघडण्याची वेळ मात्र १६.५ विरुद्ध १९.८ टक्के रुग्णांवर आली. गुठळ्याही औषधलेपित गटातच कमी झाल्या. महाग स्टेंटने आयुष्य वाढवले नाही, दुसरी खेप टाळली. उपचारांसाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला ती खेपही परवडणारी नसते, हे खरेच.

२०१७ च्या आदेशात २९,६०० च्याच रकान्यात आणखी एक प्रकार होता: काही वर्षांत शरीरात विरघळून जाणारा स्टेंट. अमेरिकेत ‘अ‍ॅब्सॉर्ब’ या नावाने त्याला जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली होती. तीन वर्षांच्या पाहणीत त्यात गुठळ्यांचे प्रमाण धातूच्या औषधलेपित स्टेंटपेक्षा अधिक आढळले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जगभरातील त्याची विक्री थांबवली.